फोटोवरचं कुलूप

सरजाबाई जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात चपला. दारातच थांबून त्यांनी आत नजर टाकली. टेबलावर दोन संगणक, भिंतीला पाठ लावून उभा कूलर आणि खुर्चीत बसलेली एक सावळी, चष्मेवाली बाई.

"चपला घालून यायचं का काढून?"

"घालूनच या मावशी. फरशी कालचीच पुसलेली आहे, आजची राहिलीय."

"जय भीम. वेबसाइटचं बगणाऱ्या मॅडम त्या तुमीच का?"

"जय भीम. मॅडम नका म्हणू, मनिषा म्हणा. बसा."

मनिषा वाव्हळेचं हे ऑफिस परभणीत, जिंतूर रोडला एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. पुण्याच्या एका कंपनीत काही वर्षं काढून ती परत आली तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. परभणीत बसून वेबसाइटी बनवून कुणाचं पोट भरतं काय? मनिषानं वाद घातला नाही. काम करत राहिली. आता जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा, ठिबकवाले दुकानदार, दातांचे डॉक्टर तिच्याकडे होते, आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नसे. आपल्या हातातलं काम आपल्याला येतं, एवढी गोष्ट तिला पक्की ठाऊक होती आणि ती लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

सरजाबाई ताडकळसच्या. अंगणवाडीत उभा जन्म गेला, आणि त्याच्या जोडीनं सोयरिकी जमवण्यात. पूर्णेपासून जिंतूरपर्यंत बौद्ध समाजातलं असं घर क्वचितच असेल, ज्याच्या पै-पाहुण्यांत सरजाबाईंनी जमवलेली एखादी जोडी नांदत नव्हती. त्यांचा भाचा धम्मानंद नांदेडला बँकेत होता. आत्या निवृत्त झाली, आता तिचं हे काम जरा मोठ्या प्रमाणावर व्हावं, म्हणून त्यानं एका मित्राकडून वेबसाइट करून घेतली होती. ‘सरजाबाई वधू-वर केंद्र.’ मग तो मित्र हैदराबादला नोकरीला गेला आणि फोन उचलायचा बंद झाला.

"आता हे बगा," म्हणत सरजाबाईंनी मोबाइल पुढं केला. "चहा उकळून कपात येतो, पर ही उघडत न्हाई. आन् उघडली की..."

उघडली. पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या गळायला लागल्या. कोपऱ्यात एक घड्याळ फिरू लागलं. मधोमध इंग्रजीत एक चौकट आली, ती काही केल्या हटेना. आणि मोठ्यानं सनई सुरू झाली.

"हे! हे बंद कसं करायचं ते सांगा आधी," सरजाबाई कळवळून म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका घरी पुण्यानुमोदनाला गेले. गेलेल्या माणसाच्या मेव्हण्यानं हळूच इचारलं, तुमची ती साइट दाखवा म्हणून. मला काय ठाव? दाबलं, आन् भर माणसांत सनई वाजायली. भंतेजी बगायले, बायका बगायल्या. जिमीन फाटावी आन् पोटात घ्यावं असं झालं मला!"

मनिषाला हसू आवरलं नाही. मग सरजाबाईंनाही आवरलं नाही. धम्मानंदनं कागदाच्या चिटोऱ्यावर पासवर्ड लिहून दिला होता. मनिषानं साइटची मागची बाजू उघडली, यादीत सनई शोधली आणि एक कळ दाबली.

"गेली सनई. आता खुशाल कुठंही उघडा."

सरजाबाईंनी उघडून पाहिली. मोबाइल मुका. त्यांनी असा काही निःश्वास टाकला की जणू डोक्यावरचा भारा उतरला. खुर्चीत नीट मागं टेकून बसत त्या म्हणाल्या, "एवढं सोपं हुतं? आन् मी महिनाभर मोबाइलवर उशी ठेवून साइट उघडायली."

"मावशी, ह्या साइटीत प्लगइनं फार झालीत. त्यानंच ती जड झालीय."

"प्लगइन म्हंजे?"

हा प्रश्न मनिषाला प्रत्येक गिऱ्हाईक विचारी, आणि ती प्रत्येकाला त्याच्या घरातलं उदाहरण देई. "तुमच्या घरी मिक्सर आहे ना? मोटार एकच. वर चटणीचं भांडं बसवलं की चटणी होते, मोठं बसवलं की पीठ. साइट म्हणजे ती मोटार. प्लगइनं म्हणजे भांडी. अर्ज भरून घ्यायचाय, एक भांडं. फोटो दाखवायचेत, दुसरं. तुमच्या भाच्याच्या त्या मित्रानं दिसेल ते भांडं आणून बसवलंय. पाकळ्यांचं वेगळं, घड्याळाचं वेगळं. एक तर क्रिकेटचा स्कोअर सांगणारं आहे."

"क्रिकेट? सोयरिकीत?"

"हो ना."

सरजाबाईंनी बोटं मोजली. "माझ्या मिक्सरला तीन भांडी हायत. त्यातलं एक घेतलं तवापासून खोक्यातच हाय. मग ह्यातली लागतील तेवढी ठेवा आन् बाकीची टाका काढून."

"तेच करायचंय. पण कुठली लागतील ते मला आत्ता नाही सांगता येणार. तुमच्याकडे माणसं कधी येतात?"

"बाजारच्या दिवशी. आजूबाजूच्या खेड्यांतलं सगळं माणूस ताडकळसला येतं, तवा माझ्याकडं डोकावून जातं."

"मग बाजारच्या दिवशी मी येते."

"भाजी घ्यायला?"

"तुमचं काम बघायला."

बाजाराच्या दिवशी मनिषा बसनं ताडकळसला उतरली. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या पाट्या, टायरच्या चपला हे सगळं ओलांडून ती सरजाबाईंच्या घरी पोचली तेव्हा ओसरीवर माणसं बसलेली होती. तिनं एक कोपरा धरला आणि पदराआड लपून बसल्यासारखी गुपचूप ऐकत राहिली. लॅपटॉप तिनं मुद्दामच आणला नव्हता. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं की ते दुसऱ्याच्या साइटवर बघितलेलं सांगतो, हे ती केव्हाच शिकली होती. लागतं काय, ते त्याच्या बाजूला बसून बघावं लागतं.

पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ मुलासाठी आले होते. सरजाबाईंनी आधी पाणी दिलं, मग पिकाचं विचारलं, मग मुलाचं. शिक्षण किती, काम काय, पितो का, घरात शौचालय आहे का, सुनेनं नोकरी केलेली चालेल का. गृहस्थ उत्तरं देत गेले आणि शेवटी हात पुढं करून म्हणाले, "मग दाखवा की पोरीचा फोटो."

"दाखवते. आधी तिला इचारते."

सरजाबाई उठून आत गेल्या. आतून फोनवरचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "पोरगी परीक्षेत हाय. दोन-चार दिवसांनी सांगते म्हणली. पुढच्या बाजारला या."

गृहस्थ जरा नाराज झाले, पण चहा पिऊन, ‘येतो’ म्हणून गेले. दिवसभर हेच चाललं. मुलींचे फोटो सरजाबाईंच्या मोबाइलमध्ये ढिगानं होते, पण मुलीनं होकार दिल्याशिवाय एकही फोटो कुणाच्या नजरेला पडला नाही.

माणसं पांगल्यावर मनिषानं विचारलं, "मावशी, फोटोसाठी एवढं कामून अडवता?"

सरजाबाई ओसरीवरचे कप गोळा करत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "फोटो एकदा हातून सुटला की गावभर फिरतो, बाई. सोयरीक न्हाई जमली तर पोराचा फोटो लोक लगेच पुसून टाकतात. पोरीचा मात्र कुणी ना कुणी मोबाइलमदी ठेवतंच. मग ती कॉलेजला जाऊ, दवाखान्यात नोकरीला जाऊ, कुणीतरी म्हणतंय, ही तीच का? मला न्हाई ते चालत. माझ्याकडं पोरी इस्वासानं फोटो देतात."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मनिषानं आपल्या मनातला आधीचा आराखडा मोडून टाकला. येताना तिच्या डोक्यात पहिल्या पानावर फोटोंची छान जाळी होती. तसं भांडं तिच्याकडे तयारच होतं, दोन साइटींवर तिनं ते बसवलंही होतं. ते आता बाद. बस परभणीच्या स्टँडवर शिरेपर्यंत नवीन साइट तिच्या डोळ्यांसमोर उभी होती.

पुढचे काही दिवस ती निवडत होती. अर्जासाठी एक प्लगइन, साधंच, पण बनवणारे लोक जागे असलेलं. त्यात दर थोड्या दिवसांनी सुधारणा व्हायची आणि कुणी अडचण मांडली की त्याला उत्तर मिळायचं. एक दिसायला त्याच्यापेक्षा देखणं होतं, पण बनवणाऱ्यानं तीन वर्षांत त्याच्याकडे वळून पाहिलेलं नव्हतं. मनिषानं ते सोडलं. बेवारस भांड्याचं झाकण कधी उडेल याचा भरवसा नसतो. खोटे अर्ज अडवणारं एक घेतलं. रोज साइटची एक प्रत बाजूला काढून ठेवणारं एक घेतलं, म्हणजे उद्या काही बिघडलं तरी आदल्या दिवशीची साइट परत उभी करता येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुलपाचं. मुलाकडच्यांनी फोटो मागितला की मुलीच्या मोबाइलवर निरोप जाणार. तिनं हो म्हटलं तरच तो फोटो त्या एका माणसाला उघडणार, दुसऱ्या कुणाला नाही. हे तयार मिळेना, तेव्हा तिनं दोन प्लगइनं जुळवून ते घडवलं. पाकळ्या, घड्याळ, क्रिकेट, सगळं गेलं. साइट आता बोट लावलं की उघडत होती.

तेवढ्यात धम्मानंद आला.

रविवार होता. तो सरजाबाईंना घेऊनच मनिषाच्या ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. आत्याबद्दलची माया त्याच्या तोंडावर दिसत होती. साइट त्यानं मोबाइलवर वरखाली करून पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, वेगवान झालीय, ते खरंय. पण फोटो कुठंयत?"

"आत आहेत. मुलीनं हो म्हटलं की दिसतात."

"फोटो लपवून कुठं वधू-वर केंद्र चालतं का? मोठ्या शहरांतल्या साइटी बघा. उघडलं की शंभर चेहरे समोर. माणूस तिथंच थांबतं. इथं काय आहे? आत्याचा एक फोटो आणि अर्ज." मग त्यानं आवाज खाली आणला. "माझ्याकडे एक प्लगइन आहे. फक्त लग्नाच्या साइटींसाठी बनवलेलं. फोटो, पसंती, गप्पा, सगळं त्यात. विकत घ्यायला गेलं तर महाग आहे, पण त्याच मित्रानं हैदराबादला जायच्या आधी फुकट दिलंय. बसवा फक्त."

सरजाबाई एकदा भाच्याकडे बघत होत्या, एकदा मनिषाकडे. "पोरगं शिकलंय," त्या हळूच म्हणाल्या. "बँकेतले सगळे संगणक त्याच्या हाताखाली हायत. तेचं ऐकावं का, मनिषाबाई?"

मनिषाला जरा लागलं, पण क्षणभरच. सरजाबाईंना ह्यातलं काही कळत नाही, आणि न कळणारा माणूस घरच्या माणसाचं ऐकणार, ह्यात चूक काय? तिनं धम्मानंदनं आणलेली फाइल उघडली, आत थोडं फिरून पाहिलं.

"दादा, हे विकतचं प्लगइन कुणीतरी फोडलंय. कुलूप तोडून, आत हात घालून, परत झाकण लावून फुकट वाटलंय. आत हात घातला तेव्हा त्यानं काय काढलं आणि काय ठेवलं, हे तुमच्या मित्राला ठाऊक आहे का?"

"तुम्ही जरा जास्तच घाबरताय, ताई. कितीतरी लोक वापरतात."

"घाबरत नाही. म्हणूनच बसवून दाखवते."

धम्मानंदला हे अपेक्षित नव्हतं. मनिषानं तिथल्या तिथं सगळं ठरवलं. खऱ्या साइटीला हातही लावायचा नाही. सरावाच्या दोन साइटी करायच्या. एकीवर धम्मानंदचं प्लगइन, दुसरीवर मनिषानं निवडलेली. दोन्हींवर एकेक मुलगी भरायची, दोघीही खोट्या. चेहरे संगणकानं बनवलेले, जगात कुणाचेच नसलेले. नंबर नवे कोरे, ह्या अर्जांखेरीज कुठंही न दिलेले.

"नाव काय द्यायचं पोरीचं?" मनिषानं विचारलं.

सरजाबाईंना एकदम उत्साह आला. "तुझ्या त्या प्लगइनवालीचं नाव चंद्रकला ठेव," त्यांनी धम्मानंदला सांगितलं. "आन् मनिषाबाईच्या पोरीचं रत्नमाला. दोघी बीए झाल्यात. रत्नमालेला शिवण येतं."

दोन साधे बटणांचे फोन आणले. लाल चंद्रकलेचा, काळा रत्नमालेचा. "फोन आत्याकडे राहू द्या," धम्मानंद म्हणाला, "म्हणजे शंकाच नको."

"उत्तम," मनिषा म्हणाली. "मावशी, वाजला तर उचलू नका. पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो, तेव्हा बघू."

पुढच्या रविवारी मनिषा ताडकळसला पोचली तेव्हा धम्मानंद आधीच ओसरीवर बसला होता. सरजाबाईंनी दोन्ही फोन एका ताटलीत ठेवून ताटली पुढं सरकवली. काळा फोन जसा गेला तसा परत आला होता. सिमकार्ड कंपनीचा स्वागताचा निरोप सोडला तर आत काही नव्हतं. लाल फोनमध्ये निरोपांची रांग लागली होती. कर्ज घ्या, लॉटरी लागली, घरबसल्या काम. काही इंग्रजीत, काही हिंदीत. आणि न उचललेले कॉल.

धम्मानंदनं ते वाचले. "असले निरोप तर कुठल्याही नंबरला येतात, ताई. माझ्याच मोबाइलवर रोज येतात. नंबर आधी कुणाचा तरी असेल."

"असू शकतो," मनिषा म्हणाली. तिनं मान्य केलं, कारण ते खरंच असू शकत होतं. "आठवडाभर आणखी ठेवू."

ती वाक्य पुरं करते न करते तोच ताटलीत लाल फोन थरथरायला लागला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. मनिषानं हात पुढं केला, पण सरजाबाईंनी तिच्या आधी फोन उचलला, स्पीकर लावला आणि मांडी नीट घातली.

"कोण?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, गोड करून बोललेला. "चंद्रकला का?"

धम्मानंदनं मान वर केली. ह्या नावाची मुलगी जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण त्याच्या प्लगइनच्या पोटात होतं.

"मी तिची आई बोलायले," सरजाबाई म्हणाल्या. "तुमी कोण?"

"अं... फोटो बघितला तिचा. जरा बोलायचं होतं तिच्याशी."

"फोटो कुठं बगितला?"

"आलाय एका ग्रुपवर."

"कोणच्या ग्रुपवर? आणखी किती पोरींचे आलेत त्यात?"

"लय आहेत... मावशी, तिलाच द्या ना फोन."

"देते की. पर आमच्यात सोयरिकीचं बोलणं थोरामोठ्यांत व्हतं. तुमच्या आईचा नंबर सांगा. मी आत्ताच तिला फोन लावते आन् सांगते, तुमचा मुलगा पोरींचे फोटो बगून फोन करायलाय, जरा लवकर लगीन करा तेचं. सांगा नंबर. लिहून घेते. सांगा!"

फोन कट झाला.

सरजाबाईंनी तो ताटलीत परत ठेवला. रागानं त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "मेला भडवा," त्या म्हणाल्या आणि मग मनिषाकडे बघून पदर तोंडाला लावला.

धम्मानंदनं लाल फोन ताटलीत पालथा घातला. मग म्हणाला, "आत्या, ह्यात एखादी आपली खरी पोरगी असती तर..."

"खरी नव्हती," मनिषा म्हणाली, "त्यासाठीच तर खोटी भरली."

त्यानं मोबाइल काढला आणि अंगणात जाऊन हैदराबादच्या मित्राला फोन लावला. ह्या वेळी मित्रानं उचलला. धम्मानंदचा नम्र आवाज चढत गेलेला ओसरीवर ऐकू येत होता. मित्रानं ते प्लगइन आणखी दोन केंद्रांना दिलं होतं. धम्मानंदनं त्या दोघांचे नंबर घेतले, दोघांनाही तिथूनच फोन केले आणि आजच्या आज काढून टाका म्हणून बजावलं. मग आत येऊन मनिषासमोर बसला. "ताई, मला वाटलं होतं तुम्हाला ते बसवता येत नसेल म्हणून नको म्हणताय."

"आलं ना बसवता," मनिषा म्हणाली, आणि धम्मानंद ओशाळून हसला.

एक काम अजून उरलं होतं, आणि मनिषाच्या लेखी तेच सगळ्यात अवघड होतं. साइट चालवणार होत्या सरजाबाई. मागच्या पानावरच्या सगळ्या कळा इंग्रजीत, आणि त्यांचं केलेलं मराठी भाषांतर त्याहून कठीण. ‘मंजूर करा’, ‘नामंजूर करा’, ‘प्रलंबित’.

"हे वाचून मला तहसीलमदी उभं राह्यल्यासारखं वाटायलंय," मनिषाच्या ऑफिसात शिकायला आलेल्या सरजाबाई म्हणाल्या.

"मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

हा अधिकार आपल्याला आहे हे सरजाबाईंना ठाऊकच नव्हतं. त्या चष्मा पुसून संगणकाजवळ सरकल्या. अर्ज आत घ्यायच्या कळेवर त्यांनी ‘या, बसा’ लिहायला लावलं. अर्ज अडवायच्या कळेवर ‘आधी बोलू’. फोटोसाठी मुलीच्या मोबाइलवर जाणाऱ्या निरोपात दोन कळा होत्या. त्यांवर बराच खल झाला. धम्मानंद म्हणाला, ‘स्वीकार’ आणि ‘नकार’ ठेवा. सरजाबाईंनी मान हलवली.

"नकार म्हणलं की पोरीला वाटतंय आपण कुणाचं काय वंगाळ करायलोत. ‘दाखवा’ आन् ‘नको’. बस्स."

मनिषानं तसंच लिहिलं. मग तिनं सरजाबाईंना खोट्या अर्जांवर सराव करायला लावला आणि स्वतः हात मागं बांधून उभी राहिली. चुकलं तरी सांगायचं नाही. सरजाबाई एकदा चुकून रत्नमालेला ‘आधी बोलू’मध्ये टाकून बसल्या, घाबरल्या, मग स्वतःच वाट शोधून तिला ‘या, बसा’वर आणलं.

"जमलं की!" त्या ओरडल्या. खालचा चष्मेवाला वर डोकावून गेला.

साइट सुरू झाली. गर्दी उसळली नाही, पण माणसं येत राहिली. नवी गोष्ट एक झाली. मुली स्वतः अर्ज भरायला लागल्या. आधी बाप किंवा मामा यायचा. आता परभणीत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुली आपल्या हातानं आपल्याबद्दल लिहू लागल्या, कारण फोटो आपल्या ताब्यात राहतो ही बातमी एकीकडून दुसरीकडे गेली होती. दवाखान्यात परिचारिका असलेल्या अपेक्षानं तर लांबलचक लिहिलं, आणि शेवटी, ‘नोकरी सोडणार नाही, हे आधीच सांगते.’

एका दुपारी सरजाबाई मनिषाच्या ऑफिसात सहज येऊन बसल्या होत्या. बाजारातून आणलेल्या बोरांची पिशवी टेबलावर होती. मनिषाचा फोन वाजला. साइटीवर अडचणीसाठी तिचाच नंबर होता.

"बोरीहून भगवानराव बोलायलोय. तुमची साइट बिघडलीय बगा."

"काय होतंय, काका?"

"पोरासाठी फोटो मागितला चार दिवसांमागं. दवाखान्यातली पोरगी हाय ती. अजून दिसत न्हाई. उघडायला गेलं की फोटो उपलब्ध न्हाई म्हणतंय."

मनिषानं बोलता बोलता मागचं पान उघडलं. मागणी गेलेली, निरोप पोचलेला, उत्तर आलेलं. सगळं जिथल्या तिथं.

"काका, साइट ठीक आहे. मुलीनं नको म्हटलंय."

"पोरगी काय म्हणणार? तिच्या बापानं मला हो म्हणलंय! तुमी तिकडून फोटो सोडा."

"मला नाही सोडता येत, काका. माझ्याकडे किल्लीच नाही. तिच्याकडेच आहे." आणि हे खरं होतं. तिनं ते तसंच घडवलं होतं. "सरजाबाई इथंच आहेत, देते."

सरजाबाईंनी तोंडातली बी काढून कागदावर ठेवली आणि फोन घेतला.

"भगवानराव, मी सरजा. पोरगी मोठी हाय, आपल्या पगारावर हाय. तिनं नको म्हणलं म्हंजे नको. तेच्यावर माझंबी चालत न्हाई, तिच्या बापाचंबी न्हाई." पलीकडून काहीतरी चढ्या आवाजात आलं. सरजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते समदं खरं. पर एक सांगते, राग धरू नका. तुमच्या पोराच्या अर्जात जिमीन किती, घर केवढं, बुलेट हाय, हे समदं तुमीच लिहिलंय. पोरानं स्वतःबद्दल लिहायची जागा मोकळीच हाय. आजकालच्या पोरी तीच जागा आधी वाचतात. तेला म्हणावं, बस आन् चार ओळी लिही."

"बघतो" म्हणून भगवानरावांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाईंचा ताडकळसहून फोन आला. आवाजात खुशी होती. "मनिषाबाई, लिवलं की त्या पोरानं! ऐका. म्हणतोय, मला सैपाक येतो, भाकरी मात्र गोल व्हत न्हाई. सोयाबीनच्या कामात चिडचिड करतो. बायकोनं नोकरी केली तर घरचं मी बगीन, पर म्हशीची धार तिनं शिकावी. हस्ताक्षर... न्हाई, हस्ताक्षर कुठलं, पर बरं लिवलंय पोरानं."

"मग अपेक्षाला परत विचारणार?"

"छ्या. तिनं एकदा नको म्हणलंय. तिला कशाला छळू?" मागं कुणाला तरी पाणी द्या म्हणून त्यांनी सांगितलं आणि परत फोनवर आल्या. "पेडगावची एक शिक्षिका हाय. तिच्या घरी म्हशीच हायत. तिला निरोप धाडलाय मी आत्ता. आपल्या हातानं."

"पोचला का?"

"पोचला न्हाई तर काय! वाचलाबी तिनं. ठेवते आता, माणसं बसलीत."

मनिषानं फोन बाजूला ठेवला. समोर एका पशुवैद्यकाची साइट अर्धी उघडी होती. त्यानं पाठवलेल्या मागण्यांत सगळ्यात वर लिहिलं होतं, पहिल्या पानावर गाय हंबरली पाहिजे. मनिषानं त्याला फोन लावला आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे जनावरं घेऊन लोक कोणत्या वेळेला येतात? त्या वेळेला मी येऊन बसते."